दादाच्या रिसेप्शनला लाईव्ह बँड की डीजे? घरात दोन पार्ट्या पडल्यात

लिंबूटिंबू:

नमस्कार मंडळी. दादाचं लग्न ठरलंय आणि घरात सगळ्यांनी आपापली कामं वाटून घेतल्यावर जे उरलं ते माझ्या गळ्यात पडलं, म्हणजे रिसेप्शनचं म्युझिक आणि एकूण करमणूक. वरवर सोपं वाटतं, चार गाणी लावायची की झालं, पण जरा चौकशी सुरू केली आणि लक्षात आलं की हे काम कुणी का घेत नव्हतं.

तर परिस्थिती अशी. लग्न घरच्या लोकांत आणि संध्याकाळी रिसेप्शन, बंद हॉलमधे, अडीचशेच्या आसपास माणसं, सात ते अकरा. बाबांना लाईव्ह बँड पायजे, त्यांचं म्हणणं की समोर माणूस बसून गातोय त्याची सर मशीनला येत नाही. दादा आणि होणारी वहिनी दोघांना डीजे पायजे कारण मित्रमंडळी नाचायला येणारेत, ऐकायला नाही. आई म्हणते काय वाट्टेल ते करा पण आलेल्या माणसाशी मला दोन शब्द बोलता आले पायजेत. वहिनीच्या घरून निरोप आलाय की त्यांच्याकडचे काही लोक नाच बसवतायत, किती लोक, किती वेळ, विचारलं तर "होईल गं ते, तू नको टेन्शन घेऊ" एवढंच. आणि आजोबांना श्रवणयंत्र आहे, आवाज वाढला की ते सरळ काढून खिशात टाकतात आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत नुसते सगळ्यांकडे बघून हसत बसतात.

बजेट आहे पण बँड आणि डीजे दोन्ही पूर्ण वेळ परवडणार नाही. ज्यांनी हे केलंय किंवा जे यातच काम करतात त्यांनी सांगा, ठरवायचं कसं? गाणी कुठली ते नका सांगू, ते भांडण घरात चालूच आहे.

कोमल_निषाद:

मी बँडमधे कीबोर्ड वाजवतो त्यामुळे माझं मत बाबांच्या बाजूनं झुकणार हे आधीच धरून चाल. तरी पण चार तास लाईव्ह नको असंच सांगेन. कुठलाच बँड सलग चार तास वाजवत नाही, साधारण पाऊण तास ते तासाभराचा एक सेट आणि मधे पंधरा-वीस मिनिटं ब्रेक, म्हणजे चार तासात खरं गाणं तीन तास जेमतेम. आणि त्या ब्रेकमधे काय वाजणार हे कुणीच ठरवलेलं नसतं, मग हॉल एकदम गप्प होतो आणि लोक घड्याळं बघायला लागतात.

तुझ्या केसमधे मला वाटतं पहिले दीड-दोन तास, लोक येतायत, भेटतायत, जेवतायत, तेव्हा छोटा लाईव्ह ग्रुप ठेव. आठ जणांचा फुल बँड अजिबात नको. एक गाणारा किंवा गाणारी, एक गिटार नाहीतर कीबोर्ड, एक तालवाद्य, बास झालं. यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, अख्खा ड्रमसेट असला की "आवाज कमी करा" सांगून उपयोग नसतो, कारण ड्रमला माईक लावला नाही तरी तो बंद हॉलमधे मोठाच वाजतो आणि मग गायक, गिटार, कीबोर्ड सगळ्यांना त्याच्या वर न्यावं लागतं. तिथूनच आवाज हाताबाहेर जातो. हाताने वाजणारं तालवाद्य किंवा इलेक्ट्रॉनिक ड्रम असेल तर आवाज खरोखर ताब्यात राहतो.

ग्रुप निवडताना त्यांचा चकचकीत व्हिडिओ बघून ठरवू नको, त्यातला आवाज बऱ्याचदा स्टुडिओत नंतर घातलेला असतो. कुणीतरी समोर बसून फोनवर काढलेलं एक अख्खं गाणं मागव, कापाकापी न केलेलं. आणि स्पष्ट विचार की व्हिडिओत गातीये तीच व्यक्ती त्या दिवशी येणार का. एकाच नावाखाली दोन-तीन टीम असतात, तारीख भरली की दुसरी टीम पाठवतात. त्यात गैर काही नाही, आधी सांगितलं तर. नावं करारात लिहून घे.

अजून एक, तुमच्या आवडीचं एखादं खास गाणं बसवून हवं असेल तर निदान तीन आठवडे आधी सांग. पट्टी गायकाच्या गळ्याप्रमाणे बदलावी लागते, सगळ्यांना ती वाजवून बघावी लागते. आदल्या दिवशी मेसेज करून "हे पण घ्या ना" म्हणणारे यजमान आम्हाला दर सीझनला भेटतात.

वायर_बरी:

सगळे लगेच बँड आणि डीजेवर जातात, तिसरा रस्ता पण आहे ना. अडीचशे माणसांत नाचणारी किती, चाळीस? पन्नास? बाकीचे गप्पा मारणार. चांगली साऊंड सिस्टीम भाड्याने घ्या, ऑपरेटर सकट, आणि यादी स्वतः बनवा. चार मिनिटाचं एक गाणं धरलं तर तासाला पंधरा, चार तासाला साठ. साठ गाणी निवडायला काय लागतं? वर वीस-पंचवीस जास्तीची ठेवायची. पैसे वाचतात ते फोटोग्राफीत घाला.

फक्त काही गोष्टी काटेकोर पाळायच्या. गाणी आधी डाऊनलोड करून ठेवा, हॉलच्या वायफायवर आणि मोबाईल नेटवर्कवर विसंबू नका, अडीचशे फोन एका खोलीत आले की नेट रांगतं. ज्या फोनवरून वाजवणार तो विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कुणाचा तरी कॉल येतो आणि रिंगटोन सगळ्या हॉलला ऐकू जाते. ब्लूटूथ नको. साधं ब्लूटूथ दहा मीटरच्या पुढे अडखळतं आणि मधे माणसं उभी राहिली की अजून कमी, कारण आपलं शरीर त्या लहरी शोषून घेतं. रिकाम्या हॉलमधे टेस्ट करताना मस्त चालतं, लोक आले की तुटायला लागतं. वायर लावा. दोन गाण्यांच्या मधे पाच-सहा सेकंदांचं एकमेकांत मिसळणं चालू ठेवा म्हणजे खड्डा पडत नाही. आणि तीच यादी दुसऱ्या एका फोनवर पण तयार ठेवा, चार्ज करून.

कोमल_निषाद:

वायरबरी, बाकी सगळं पटलं पण नाचाच्या वेळेला यादी चालत नाही हे माझं ठाम मत. यादीला दिसत नाही की समोर काय चाललंय. डीजेचं खरं काम गाणी लावणं नाहीच, फ्लोअर बघणं आहे. चाळीस लोक नाचतायत आणि पुढचं गाणं लागल्यावर पंचवीसच उरले, तर चांगला डीजे दीड मिनिटात ते गुंडाळून दुसरीकडे वळवतो. तुमचा फोन मात्र पूर्ण पाच मिनिटं ते गाणं वाजवत राहणार. शिवाय वेग. नाचाची गाणी बहुतेक मिनिटाला १०० ते १३० ठोक्यांत असतात, आणि ९५ वरून एकदम १३० वर उडी मारली की लोकांचे पाय अडखळतात, थांबून टाळ्या वाजवायला लागतात. हळूहळू चढवत नेणं आणि अर्ध्या तासाने थोडं उतरवून लोकांना पाणी प्यायला सोडणं, हे यादीत आधीपासून लिहून ठेवता येत नाही.

वायर_बरी:

मान्य, पण चांगला डीजे म्हणताय तुम्ही. निम्मे डीजे पण यादीच वाजवतात, फक्त हेडफोन गळ्यात अडकवून 😀

फेडरमास्तर:

बँड की डीजे की फोन, हे नंतर ठरव. आधी हॉल बघून ये. मी साऊंडवाला आहे, लग्नात लोक ज्याला "म्युझिक बेकार होतं" म्हणतात त्यातलं बहुतेक वेळा म्युझिक ठीकच असतं, स्पीकर चुकीच्या जागी असतात.

नेहमीचा प्रकार असा की दोन भलेमोठे स्पीकर स्टेजच्या दोन बाजूला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून आवाज चढवायचा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, हॉलमधे भिंतींमुळे त्याहून कमी उतरतो पण उतरतोच. म्हणजे मागच्याला बरोबर ऐकू आलं की पुढची टेबलं भाजून निघाली. पुढच्या टेबलांवर कोण बसतं? आजी, आजोबा, मामा, मावश्या. मान देऊन बसवलेली माणसं सगळ्यात जास्त आवाजात. याला उपाय एकच, छोटे छोटे चार-सहा स्पीकर हॉलभर पसरवून प्रत्येकाचा आवाज कमी ठेवायचा. फक्त मागच्या स्पीकरना थोडा उशीर लावून द्यायला लागतो, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तीस मीटर लांबच्या माणसाला स्टेजवरचा आवाज जवळजवळ ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि जवळचा स्पीकर लगेच. दोन्ही वेगवेगळे ऐकू आले की भाषण कळत नाही, नुसता गडबडगुंडा. मिक्सरवर किंवा स्पीकरवरच ही सेटिंग असते, ऑपरेटरला विचारा "मागच्यांना डिले लावणार ना?" तो काय उत्तर देतो त्यावरून तो किती पाण्यात आहे ते कळेल.

आता आईचा मुद्दा. समोरासमोर साधं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं. जेवणाच्या वेळी म्युझिक त्याच्या आसपास किंवा थोडं खालीच पायजे. पण होतं काय की मागे आवाज असला की माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो, त्याला कळत पण नाही. एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मधे ही गोष्ट मांडली, आजही तिला त्याच्याच नावानं ओळखतात. तर म्युझिकमुळे लोक ओरडतात, मग म्युझिक ऐकू येत नाही म्हणून ऑपरेटर आवाज वाढवतो, मग लोक अजून ओरडतात. जेवणाच्या दीड तासात हे चक्र तीन-चारदा फिरलं की आईचा घसा बसलाच म्हणून समज. तोडायची जागा ऑपरेटरकडे आहे. त्याला आधीच बजावून ठेवायचं की गर्दी वाढली तरी जेवण होईपर्यंत फेडरला, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीला, हात लावायचा नाही.

नाचाच्या वेळेसाठी आकडा पायजे असेल तर असा धर, कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा एक रूढ हिशोब आहे, ८५ डेसिबल आठ तास चालतं आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. लग्नातला फ्लोअर सहज १०० च्या पुढे जातो. फोनवर आवाज मोजायची फुकट अॅप मिळतात, अगदी अचूक नसतात पण अंदाज येतो. फ्लोअर ९५ च्या आत आणि टेबलं ७५-८० च्या आत, एवढं जमलं तरी खूप. त्यासाठी नाचाचा फ्लोअर हॉलच्या एका टोकाला घे, मधोमध नको, आणि स्पीकर फ्लोअरकडे आत वळवलेले ठेव. बासचे मोठे डबे कोपऱ्यात नको ठेवू देऊ, कोपऱ्यात ठेवले की भिंतींमुळे त्यांचा दणका वाढतो आणि तो दणका कुठे वळवता पण येत नाही, चारी बाजूला पसरतो.

आणि साऊंडचेक रिकाम्या हॉलमधे करताना घुमला तर लगेच घाबरू नका. माणसं आणि त्यांचे कपडे बराच आवाज शोषतात. भरल्यावर थोडा वेगळा ऐकू येतो. फार गुळगुळीत भिंती, काच, फरशी असेल तर मात्र पडदे, कार्पेट काय घालता येतंय ते बघा.

लिंबूटिंबू:

बाप रे, एवढं सगळं. फेडरमास्तर आणि कोमलदादा थँक्यू. आई वाचून म्हणाली "बघ, मी काय सांगत होते". आजोबांसाठी काय करू ते पण सांगा ना कुणीतरी. त्यांना पार लांबच्या कोपऱ्यात बसवायचं जिवावर येतं, म्हणजे त्यांना वाटेल बाजूला टाकलं.

फेडरमास्तर:

कोपऱ्यात नको. स्पीकर आणि ते यांच्यात अंतर पायजे, स्टेज आणि ते यांच्यात नाही. स्पीकर पसरवले की पुढे बसूनही आवाज कमी मिळतो. त्यांच्या पाठीशी भिंत येईल अशी खुर्ची ठेव म्हणजे मागून गोंगाट येणार नाही आणि बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात दिसेल असं बघ, ऐकू कमी येणारे ओठ वाचून बरंच भागवतात. त्यांच्या यंत्रात टी असं सेटिंग आहे का ते बघून घे. काही हॉलमधे जमिनीत किंवा भिंतीत एक वायरचं वेटोळं घातलेलं असतं, टी वर केलं की माईकमधला आवाज थेट यंत्रात येतो, गोंगाट वगळून. हॉलवाल्याला विचार, असेल तर भाषणं त्यांना सगळ्यांपेक्षा स्वच्छ ऐकू येतील.

निवांत_मावशी:

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही पण एक सांगते, आजोबांना आवाजाबरोबर गाणं पण ओळखीचं पायजे हो. यादी करताना मी एक युक्ती वापरते, माझ्या दोन्ही पोरांच्या वेळी केली. पाहुण्यांची वयं धरायची आणि ते पंधरा ते पंचवीस वर्षांचे होते तो काळ काढायचा, त्या काळातली गाणी घ्यायची. माणसाला आयुष्यातल्या साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त आठवतात असं मानसशास्त्रवाले पण म्हणतात, आणि गाण्यांचं तर विचारूच नका. आज ज्यांचं वय सत्तर त्यांच्यासाठी सत्तरचं दशक आलं, पन्नाशीतल्यांना नव्वदचं, नवरानवरीच्या मित्रांचं तुमचं तुम्हाला ठाऊक. आपण काय करतो, म्हातारी माणसं आहेत म्हणून एकदम भक्तीसंगीत लावतो. अहो ते पण कधी कॉलेजात होते!

जेवणाच्या वेळी जुन्यापासून सुरू करा आणि रात्र चढेल तसं नव्याकडे या, म्हणजे लवकर जाणाऱ्या वयस्कर मंडळींना त्यांचं मिळालेलं असतं आणि उशिरापर्यंत थांबणाऱ्यांना त्यांचं. मधे एकदा, साधारण नऊच्या सुमारास, एखादं असं गाणं लावा की ज्यावर आजी आणि नात दोघी उठतील. ते कुठलं ते प्रत्येक घराचं वेगळं, घरात विचारा.

माईक_टेस्टिंग:

मी लग्नात निवेदन करतो. प्रश्नात "काही लोक नाच बसवतायत" वाचलं आणि अंगावर काटा आला. हे लगेच धसास लाव, बाकी सगळं नंतर. कारण एक नाच तीन मिनिटांचा म्हणतात पण तो सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. माणसं गोळा करा, ओढणी शोधा, गाणं चुकीचं लागलं, परत लावा. सहा नाच असले की पाऊण तास गेलाच, आणि तो पाऊण तास लोकांना खुर्चीत बसून बघायला लागतो, म्हणजे जेवणं लांबणार, बँडचा सेट कापला जाणार, डीजेला तासभरच उरणार.

माझा नियम असतो, दोन्ही घरचे मिळून जास्तीत जास्त चार आणि प्रत्येकी तीन मिनिटं. जास्त लोक असतील तर दोन-तीन गाणी कापून जोडून एकच सलग तुकडा करा, एक गट उतरला की दुसरा चढला, मधे थांबायचंच नाही. सगळ्यांची गाणी दोन दिवस आधी एका माणसाकडे, एका पेनड्राईव्हवर, क्रमांक देऊन. ०१ मामेभाऊ, ०२ मैत्रिणी, असं. "माझ्या फोनमधे आहे, मी तिथे देते" हे ऐकून घ्यायचं नाही, प्रेमाने पण ठाम. तो फोन लॉक असतो किंवा फोनवाली व्यक्तीच स्टेजवर असते.

माईक कुणाच्याही हातात नका देऊ. जवळच्या मित्राला बोलायचं असतं, तो कॉलेजचे किस्से सांगायला लागतो, दोन मिनिटाचे बारा होतात आणि एखादा किस्सा असा निघतो की नवरीचे वडील खाली बघायला लागतात. बोलणाऱ्यांची नावं आधी ठरवा, तीन बास, आणि प्रत्येकाला सांगा की जुनी प्रेमप्रकरणं, दारू आणि पगार हे विषय बंद. माईक धरायचा कसा ते पण दाखवा, तोंडापासून चार बोटांवर आणि जाळीला मूठ आवळायची नाही, जाळी झाकली की शिट्टी वाजते. माईक हातात घेऊन स्पीकरच्या समोर गेलं तरी शिट्टी वाजते, त्यामुळे उभं राहायच्या जागेवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा. बिनतारी माईक असेल तर नवीन सेल घाला, कालचे अर्धे वापरलेले नकोत.

बाकी करमणुकीचं म्हणशील तर स्टेजवरचे कार्यक्रम कमी आणि टेबलांमधे फिरणारे जास्त घे. हातचलाखीचा जादूगार टेबलाटेबलाशी पाच मिनिटं थांबला तर अनोळखी माणसं पण एकमेकांशी बोलायला लागतात. तोच जादूगार स्टेजवर चढवला तर मागच्या निम्म्यांना त्याच्या हातातला पत्ता पण दिसत नाही. व्यंगचित्रं काढणारे पण छान असतात पण एका चित्राला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणजे दोन तासात वीसेक चित्रं, अडीचशे लोकांत रुसवेफुगवे व्हायचे. मुलांसाठी मात्र वेगळा कोपरा कराच, रंग, कागद, सांभाळायला एक माणूस. मुलं गुंतली की आईबाप नाचायला मोकळे.

अर्धी_झोप:

थोडं खडूस वाटेल पण सांगते, डीजे लाईट पण घेऊन येतात आणि ते कुणी विचारत नाही. भराभर चमकणारा पांढरा लाईट काही जणांना फिट आणू शकतो. फिट येणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना उजेडाचा असा त्रास असतो, शंभरात तीनेक, पण अडीचशे पाहुण्यांत कोण आहे तुम्हाला माहीत नसतं. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा चमकणारा उजेड हा धोक्याचा पट्टा. सरळ सांगून टाका की तो लाईट लावूच नका, रंगीत हळू फिरणारे लाईट लावा, फोटो पण बरे येतात. ज्याला त्रास होतो त्याने नुसते डोळे मिटून भागत नाही, एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तिथून बाजूला व्हायचं असतं.

धुराचं मशीन पण बघा. दमेकऱ्यांना त्रास आणि हॉलला आगीचा अलार्म असेल तर तो धूर बघून वाजू शकतो. एका लग्नात ऐन पहिल्या नाचाला वाजला होता, सगळे बाहेर पार्किंगमधे. हॉलवाल्यांना आधी विचारायचं, एवढंच. लेझर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर थेट पडला तर सेन्सर जळू शकतो, तुमचा फोटोग्राफर आशीर्वाद देईल.

लिंबूटिंबू:

अपडेट. वहिनीशी थेट बोलले, मधली माणसं वगळून. नाच सहा होते, ते जोडून एकच अकरा मिनिटांचा तुकडा करायला ती तयार झालीये, स्वतः कापून देणारे. हॉलवाल्याला फोन केला, तो म्हणतो साडेदहाला म्युझिक बंद, त्यांचा नियम, आणि साऊंडला स्टेजजवळ एकच प्लग पॉईंट आहे. दादा नाराज, त्याला साडेअकरापर्यंत नाचायचंय. आता?

फेडरमास्तर:

प्लगचं आधी. स्टेजजवळ एक पॉईंट असणं चालेल पण त्यावर साऊंड, लाईट आणि त्याच बाजूला जेवणाचे गरम करायचे हीटर असं एकत्र नको. हीटर ओढतात तेव्हा ट्रिप होतं. आणि लाईटचे डिमर (उजेड कमी-जास्त करायची बटणं) साऊंडच्याच लाईनवर असले की स्पीकरमधून गुंईईई येत राहतं. लाईट दुसऱ्या भिंतीवरून घ्या. हॉलच्या इलेक्ट्रिशियनला विचार कुठले पॉईंट वेगळ्या ब्रेकरवर आहेत, त्याला माहीत असतं, मॅनेजरला नसतं. वीज गेली तर जनरेटर आपोआप घेतो का आणि त्यावर साऊंड चालतं का ते पण त्यालाच विचार. वायरी जायच्या वाटेवर असतील तर चिकटपट्टीने पूर्ण दाबून घ्या.

साडेदहाचा नियम मोडायच्या फंदात पडू नका. नाच लवकर सुरू करा, साडेआठला जेवणं सुरू असतानाच फ्लोअर उघडा, एका टोकाला असला की जेवणाऱ्यांना त्रास नाही.

वायर_बरी:

किंवा साडेदहानंतर बिनतारी हेडफोन. भाड्याने मिळतात, दोन-तीन चॅनेल असतात, प्रत्येक चॅनेलचा दिवा वेगळ्या रंगाचा, त्यामुळे कोण काय ऐकतंय ते दिसतं. बाहेर आवाज शून्य. बघणाऱ्याला वेड्यांचा बाजार वाटतो पण नाचणाऱ्यांना जाम मजा येते. सगळ्यांसाठी नका घेऊ, तेवढ्या वेळेला उरलेल्या पन्नास-साठ लोकांपुरते. हॉल रिकामा करायची वेळ किती ते मात्र बघा, म्युझिक बंद आणि हॉल रिकामा या दोन वेगळ्या वेळा असतात.

माईक_टेस्टिंग:

आणि हेडफोन घेणार असाल तर जाताना गोळा करायला एक माणूस दारात उभा करा, हरवलेल्याचे पैसे भरून द्यावे लागतात.

कोमल_निषाद:

करारात काय लिहायचं ते राहिलं. यायची वेळ, साऊंडचेकची वेळ (पाहुणे यायच्या आधी संपला पायजे), वाजवायची सुरुवात आणि शेवट, किती सेट, ब्रेकमधे कोण काय वाजवणार, स्पीकर-माईक कुणाचे, जास्त वेळ लागला तर दर काय, कुणी आजारी पडलं तर बदली कोण, रद्द केलं तर आगाऊ रकमेचं काय. शेवटचं दोन्ही बाजूंनी लिहा, फक्त तुम्ही रद्द केलं तर एवढंच लिहिलेलं असतं बऱ्याचदा. आणि कधीच वाजवायची नाहीत अशा गाण्यांची यादी पण द्या, डीजेला तर नक्कीच. ती हव्या असलेल्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडते. हव्या असलेल्यांची यादी दहा-पंधराची द्या, शंभराची दिली की त्याला फ्लोअर बघून ठरवायला जागाच राहत नाही.

वाजवणाऱ्यांच्या जेवणाची वेळ पण ठरव, पहिल्या सेटच्या आधी किंवा ब्रेकमधे. हे मी स्वतःच्या पोटासाठी लिहितोय हे उघड आहे.

लिंबूटिंबू:

ओके, मग सध्या असं ठरतंय. सात ते साडेआठ तीन जणांचा लाईव्ह ग्रुप, ड्रमसेटशिवाय, यादी मावशींच्या वयाच्या हिशोबाने. साडेआठला नाचांचा एकच तुकडा, मग तीन जणांची भाषणं, नऊच्या आसपास डीजे साडेदहापर्यंत, फ्लोअर दाराच्या विरुद्ध टोकाला. चमकणारा लाईट आणि धूर रद्द. हॉल साडेअकराला सोडायचाय, त्यामुळे शेवटच्या तासाला हेडफोन, दादाला हे प्रचंड आवडलंय, बाबांना कळलेलंच नाही की काय प्रकार आहे. शनिवारी हॉल बघायला जातीये, इलेक्ट्रिशियनला बोलवून घेतलंय. आजोबांच्या यंत्रात टी आहे असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हॉलमधे ते वेटोळं आहे का तेवढं मॅनेजरला कळत नाहीये, तो दोनदा म्हणाला "मॅडम आमच्याकडे वायफाय आहे". फेडरमास्तर, नसेल तर असं काही भाड्याने आणून लावता येतं का? की भाषणांपुरतं आजोबांच्या शेजारी एक छोटा स्पीकर ठेवला तरी चालेल?

फेडरमास्तर:

वेटोळं तात्पुरतं पण टाकता येतं, पुढच्या दोन-तीन टेबलांभोवती वायर फिरवून एका अॅम्प्लिफायरला जोडतात, मोठ्या साऊंडवाल्यांकडे मिळतं. जमिनीखाली लोखंड जास्त असेल तर सिग्नल कमी पडतो, म्हणून आजोबांना घेऊनच टेस्ट कर, साऊंडचेकच्या वेळेला पाच मिनिटं. नाही मिळालं तर छोटा स्पीकर चालेल, पण शेजारी टेबलावर ठेव, कानाच्या उंचीला, पायाशी नको, आणि त्यात फक्त माईकचा आवाज सोडायला सांग, म्युझिक नाही.